पाव किलो ४५ ला, तर १०८ रुपयांत किती? गुणायचं की भागायचं?

खारेगावची (कळवा)

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत, मराठी माध्यम. सध्या गुणोत्तर-प्रमाण चाललंय. संध्याकाळी मी पोळ्या लाटते आणि ती ओट्याच्या टोकाला वही ठेवून गणितं करते. माझी एक नजर तव्यावर, एक वहीवर.

"१२ वह्यांची किंमत ४२० रुपये, तर ७ वह्यांची किती" असली गणितं ती फटाफट करते. ४२० भागिले १२, पस्तीस. पस्तीस साते दोनशे पंचेचाळीस. झालं.

काल हे आलं: २५० ग्रॅम शेंगदाण्यांची किंमत ४५ रुपये आहे, तर १०८ रुपयांत किती ग्रॅम शेंगदाणे मिळतील? तिने तसंच केलं. ४५ भागिले २५०, आले ०.१८. गुणिले १०८. उत्तर १९.४४ ग्रॅम, खाली दोन रेघा. मी म्हटलं, अगं पाव किलो ४५ ला आहे ना, मग शंभराच्या वर पैसे देऊन मूठभर दाणे घेऊन येशील का? तिने माझ्याकडे बघितलं, गुणाकार खोडला, भागाकार केला, ६०० आले आणि विचारलं, "आता बरोबर?"

माझी काळजी इथे आहे. गुणून चुकलं म्हणून तिने भागलं. दोनच पर्याय, एक गेला की दुसरा. समजवायला गेले तर म्हणाली, "वह्यांच्या गणितात एकाची किंमत काढली आणि गुणलं. इथेही एकाची किंमत काढली आणि गुणलं. मग तिथे बरोबर आणि इथे चूक कसं?" उत्तर मला येतं, पण तिला पटेल असं सांगता येत नाहीये. गुणायचं की भागायचं हे आधीच ओळखायचं कसं? "सराव करून घ्या" सोडून काहीतरी सांगा, सराव चालूच आहे.

शेवटचा_बाक (घणसोली)

१०८ रुपयांत १९ ग्रॅम? विमानतळावरचा भाव दिसतोय 😄 ताई, पोरीला कशाला त्रास, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. मोठेपणी हाताने भागाकार कोण करतं?

पेढीवरचा_मेहता (सानपाडा)

शेवटचा बाक, १९.४४ हे उत्तर कॅल्क्युलेटरही देतो. ०.१८ गुणिले १०८ दाबा आणि बघा. त्याला शेंगदाणे ठाऊक नाहीत.

ताई, मी तुर्भ्याला दाणा बाजारात एका पेढीवर मेहता, म्हणजे हिशेबनीस होतो, आता निवृत्त. कळवा, दिवा, डोंबिवलीचे किराणा दुकानदार फोनवर विचारायचे आणि समोर दुसरं गिऱ्हाईक उभं असतानाच भाव सांगावा लागायचा. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिने ४५ ला २५० ने भागलं, ०.१८ आले. इथपर्यंत काहीच चुकलेलं नाही. आता तिला विचारा, हे ०.१८ काय आहेत? म्हणेल, एकाची किंमत. एका कशाची? एका ग्रॅमची. मग वहीत तसं लिहायचं: ०.१८ रुपये, एका ग्रॅमला. नुसता आकडा लिहून ठेवला की तो पुढच्या पायरीत कुठेही घुसतो.

वह्यांच्या गणितात ३५ होते "रुपये, एका वहीला" आणि पुढे दिल्या होत्या ७ वह्या. एका वहीला इतके, तर सात वह्यांना सातपट. जुळलं. शेंगदाण्यांत तिच्या हातात आहेत "रुपये, एका ग्रॅमला" आणि पुढे दिलेत १०८ रुपये. एका ग्रॅमला इतके, तर १०८ रुपयांना…? वाक्यच पुरं होत नाही. हे वाक्य तिला मोठ्याने म्हणायला लावा. ते अडखळलं की समजायचं, भलताच दर हातात घेतलाय.

आता मुद्दा. कुठल्याही खरेदीत दर एक नसतो, दोन असतात. २५० ग्रॅम आणि ४५ रुपये यातून "एका ग्रॅमला किती रुपये" हा एक दर निघतो आणि "एका रुपयाला किती ग्रॅम" हा दुसरा. दोन्ही खरे. पहिल्यासाठी ४५ भागिले २५०, दुसऱ्यासाठी २५० भागिले ४५. गणितात ग्रॅम विचारलेत आणि रुपये दिलेत, म्हणजे दुसरा दर हवा: एका रुपयाला ५.५५५… ग्रॅम. त्याला १०८ ने गुणलं की ६००.

म्हणजे तिचं म्हणणं खरं आहे. एकाचं काढायचं आणि गुणायचं, दोन्हीकडे तेच. फक्त एकाचं काय काढायचं ते आधी ठरवायचं. जे विचारलंय त्याला, जे दिलंय त्याने भागायचं. ग्रॅम विचारले तर ग्रॅमला रुपयांनी. रुपये विचारले तर रुपयांना ग्रॅमने. हे एकदा बसलं की शेवटी गुणायचं का भागायचं हा प्रश्न येत नाही, शेवटी कायम गुणायचंच.

तिने दुसऱ्यांदा १०८ भागिले ०.१८ केलं तेही चालतं, उत्तर तेच येतं. पण का चाललं हे तिला माहीत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

आता ५.५५५५ बघून मूल बिचकणार. बाजारात कुणी त्या वाटेला जात नाही. आम्ही असं करायचो:

४५ रुपये, २५० ग्रॅम
९ रुपये, ५० ग्रॅम
१०८ रुपये, ६०० ग्रॅम

४५ आणि २५० दोन्हींना ५ ने भागलं, ९ ला ५० ग्रॅम झाले. बारा नव्वे एकशे आठ, म्हणून बारा वेळा ५०. दशांश चिन्ह लागलंच नाही. "एकाची किंमत" काढायची तर तो एक म्हणजे एकच ग्रॅम किंवा एकच रुपया हवा असं कुठे आहे? पेढीवर आमचा एक म्हणजे क्विंटल, अंडीवाल्याचा एक म्हणजे ३० अंड्यांचा ट्रे, आंबेवाल्याचा डझन. इथे सोयीचा एक होता ९ रुपये. कुठला तो डोक्याने निवडायचा.

आणि पेन उचलण्याआधी अंदाज. पाव किलो ४५, तर अर्धा किलो ९०, पाऊण किलो १३५. १०८ हे ९० आणि १३५ च्या मध्ये, म्हणजे उत्तर ५०० आणि ७५० ग्रॅमच्या मध्येच कुठेतरी. तुम्ही "मूठभर दाणे" म्हणालात तो हाच अंदाज, फक्त तो गणित झाल्यावर आला. तिला गणिताच्या आधी करायला सांगा. आम्हाला मास्तरांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे पाढे घोकून घेतले होते. आता ते कुणी शिकवत नाही. पण पाव-अर्धा-पाऊण एवढं तोंडी असलं तरी पुष्कळ गणितं निम्मी सुटतात.

खारेगावची (कळवा)

काका, खूप खूप आभार. "एका ग्रॅमला इतके, तर १०८ रुपयांना" हे म्हणायला लावलं. दोनदा म्हटलं आणि स्वतःच थांबली, "पण आई, हे ग्रॅम नाहीच आहेत." मी लाटणं खाली ठेवलं 😀

९ रुपयांना ५० ग्रॅम ही युक्ती फार आवडली. आता घरातली पाकिटं काढून बसली आहे. गरम मसाल्याचं १०० ग्रॅमचं पाकीट, किंमत ६८ रुपये, त्यावर शेजारी बारीक अक्षरांत ०.६८ छापलंय. ती म्हणते, "एक ग्रॅम मसाला कोण विकत घेतं, मग हे छापलं कशाला?" कुणाला माहीत आहे का?

पोळीभाजी_नेरूळ

ताई, मला माहीत आहे, कारण दर महिन्याला मी ते वाचूनच सामान भरते. पाकीटबंद मालाचे जे केंद्र सरकारचे नियम आहेत, २०११ चे, त्यात २०२१ साली बदल करून पाकिटावर एककाचा भावही छापायचा असं ठरलं. माल किलोच्या आत असेल तर एका ग्रॅमचा भाव, किलोच्या वर असेल तर एका किलोचा. पातळ पदार्थांना तसंच, मिलिलिटर आणि लिटर. मसाला ५० ग्रॅमचा ३६ ला आणि १०० ग्रॅमचा ६८ ला असेल तर ०.७२ आणि ०.६८ बघून लगेच कळतं की मोठं पाकीट स्वस्त. एक ग्रॅम विकत घ्यायचा नसतो, दोन पाकिटं शेजारी ठेवायची असतात.

पण दोन ठिकाणी नीट बघायचं.

एक, हा भाव दोन दशांश स्थळांपर्यंतच छापतात. समजा ४०० ग्रॅमचं एक पाकीट ७१ रुपयांना आणि ७५० ग्रॅमचं दुसरं १३८ ला. पहिल्याचा ग्रॅमला ०.१७७५, दुसऱ्याचा ०.१८४. दोन्हींवर ०.१८ च छापून येणार. किलोवर आणून बघा: १७७.५० आणि १८४. किलोमागे साडेसहा रुपयांचा फरक त्या ०.१८ मध्ये दडून बसतो. शिवाय इथे लहान पाकीटच स्वस्त निघालं. "मोठं घेतलं की परवडतं" हे मी तरी डोळे मिटून मानत नाही. घरात एखादंच पाकीट लागतं त्यांना हे किरकोळ वाटेल, मला महिन्याला वीस-वीस किलो लागतं.

दुसरं तेल. तेलाने भलेभले फसतात. पिशवी असते १ लिटरची, डबा १५ किलोचा मिळतो आणि १५ लिटरचाही. दोन्ही डबे दिसायला सारखेच. आता पिशवी १५० ची आणि १५ किलोचा डबा २,४०० चा धरा. माझ्याकडे पोळ्या करायला येते ती म्हणाली, ताई, पंधरा पिशव्या घ्या, पंधरा पंधरे सव्वादोनशे, म्हणजे २,२५० झाले, दीडशे वाचले. पण लिटर म्हणजे किलो नव्हे. तेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरच्या पिशवीवरच बघा, वजन ९१० ग्रॅमच्या आसपास लिहिलेलं असतं. मग पिशवीचा किलोचा भाव १५० भागिले ०.९१, जवळजवळ १६५. डब्याचा २,४०० भागिले १५, म्हणजे १६०. डबाच स्वस्त, किलोमागे पाच रुपयांनी. काका म्हणाले तसं, आकड्यापुढे "एका कशाला" हे लिहिलंच नाही तर हे ध्यानात येत नाही.

आणि गिऱ्हाइकाचं एक सांगते, राहवत नाही. "पीठ ४४ रुपये किलो आणि पोळी आठ रुपये?" असं म्हणणारे मला रोज भेटतात. अहो, किलोभर पिठाच्या माझ्या मापाने ४० पोळ्या होतात. पीठ ४४, तेल १६, गॅस २० धरा, झाले ८०, म्हणजे पोळीमागे दोन रुपये. लाटण्या-भाजण्याची मजुरी पोळीमागे तीन. झाले पाच. उरलेल्या तिनात गाळ्याचं भाडं, पार्सलचा कागद, संध्याकाळी उरलेल्या पोळ्या आणि मी. सांगा आता.

फळा_आणि_डस्टर (ऐरोली)

मी माध्यमिकला गणित शिकवते. मेहताकाकांनी "एका कशाला" वर भर दिला ते फार बरं झालं. वर्गात एकक न लिहिण्यानेच सगळ्यात जास्त गुण जातात. ९ ला ५० ग्रॅमची युक्तीही छान, फक्त एक सूचना: उत्तरपत्रिकेत ती पायरी लिहून दाखवायची. पुस्तकात जी एकमान पद्धत आहे तिच्यात १ ची किंमत काढतात आणि पायरीला गुण असतात. डोक्यात करून थेट ६०० लिहिलं तर तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही.

मला भर घालायची आहे ती वेगळीच. ही सगळी गणितं "याच दराने" या दोन शब्दांवर उभी आहेत. पुस्तकात ते कधी लिहिलेलं असतं, कधी गृहीत धरलेलं. बाजारात दर तोच राहील याची खात्री नसते. भाजीवाली म्हणते वीसला पाव, सत्तरला किलो. पाववरून काढलं तर किलो ऐंशीला पडायला हवी. गणित चुकलं नाही, दर बदलला. मुलीला हे सांगून ठेवा, नाहीतर ती भाजीवालीशी भांडेल.

रिक्षाचं उदाहरण मी वर्गात मुद्दाम घेते कारण मुलांना ते भाडं पाठ असतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे मीटरचं किमान भाडं २६ रुपये आहे, दीड किलोमीटरपर्यंत. पुढचा दर किलोमीटरला १७.१४. मी विचारते, एक किलोमीटरला किती? हमखास कुणीतरी १७.१४ म्हणतं. नाही, २६. अर्ध्या किलोमीटरला? तेही २६. म्हणजे ऐरोली स्टेशनहून जवळच उतरणाऱ्याला किलोमीटरचा दर ५२ पडला आणि दीड किलोमीटर जाणाऱ्याला १७ च्या जरा वर. मग मुलं १७.१४ गुणिले दीड करून बघतात, २५.७१ येतात आणि ते २६ कुठून आले ते कळतं. त्या दिवशी वर्ग हातात राहत नाही, पण चालतं.

विजेच्या बिलाचंही तसंच, फक्त तिथे टप्पे आहेत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त. लोकांना वाटतं १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो. तसं नाही. सोपे आकडे घेऊ, खरे नव्हेत: पहिले १०० युनिट ५ रुपयांनी, पुढचे १० रुपयांनी. १२० युनिट वापरले तर ५०० अधिक २००, म्हणजे ७००. ते १,२०० होत नाहीत. स्थिर आकार त्याहून निराळा, तो शून्य युनिटलाही येतो.

सातवीत व्यस्त प्रमाण येईल, जास्त माणसं आणि कमी दिवस. तेव्हा हीच मुलगी "एकाचं काढून गुणायचं" म्हणत बसली तर पुन्हा इथे या.

पेढीवरचा_मेहता (सानपाडा)

बाई, पायरी लिहायची हे मान्य. आमच्याकडेही कच्च्या वहीत सगळं लिहिलेलं असायचं, गुणांसाठी नव्हे, संध्याकाळी शेठ विचारायचे म्हणून.

नेरूळच्या ताईंनी पोळीचा हिशेब मांडला त्यावरून एकूण खर्चाचं थोडं लिहितो, कारण दर पक्का झाला की लोकांना वाटतं आता नुसतं गुणायचं. भाव आणि घरपोच पडलं ते, यांत फरक असतो.

समजा तांदूळ क्विंटलला ५,४००. म्हणजे किलो ५४. एका दुकानदाराने ३० किलोचे दहा कट्टे घेतले, ३०० किलो, १६,२०० रुपये. हमाली कट्ट्यामागे १२ धरा, ती १२०. टेम्पो कळव्यापर्यंत १,२००. एकूण १७,५२०. भागिले ३००, किलोला ५८.४० पडले. तोच दुकानदार वीस कट्टे नेतो. तांदळाचे ३२,४००, हमाली २४०, टेम्पो तोच, १,२००. एकूण ३३,८४०, भागिले ६००, किलोला ५६.४०. भाव एक पैसाही उतरला नाही, तरी किलोमागे दोन रुपये वाचले. हमाली कट्ट्यांबरोबर वाढली, टेम्पो वाढला नाही. खर्चाची यादी केली की प्रत्येक ओळीपुढे हे विचारायचं, माल दुप्पट झाला तर हाही दुप्पट होतो का? होत असेल तर तो दराने गुणायचा, नसेल तर शेवटी एकदाच मिळवायचा. दोन्ही एकाच ओळीत टाकून गुणणारे दुकानदार मी पाहिलेत. दहा कट्ट्यांवर ५८.४० पडले म्हणून वीसलाही ५८.४० धरून ते तांदूळ विकायला बसतात आणि शेजारचा रुपयाने खाली विकतो तेव्हा त्यांना कळत नाही त्याला परवडतं कसं.

हे उलटं पण होतं. माल नासणारा असला की भागायचं कशाने ते बदलतं. कांद्याची ५० किलोची गोण २४ च्या भावाने १,२०० ला आणली. सडका, कोंब आलेला असा दोन किलो बाजूला काढावा लागला. विकायला राहिले ४८ किलो. १,२०० भागिले ४८, किलो पडला २५ ला. २४ ला आणला आणि २५ ला विकला तर फायदा शून्य. पन्नासने भागणाऱ्याला मात्र गोणीमागे पन्नास रुपये सुटल्यासारखे वाटतात.

ताई, मुलीला हे आत्ता नको. आधी शेंगदाणे पक्के होऊ दे.

शेवटचा_बाक (घणसोली)

काका, ते कांद्याचं मी फोनवर करून बघितलं, बरोबर आहे. भागायचं कशाने ते फोन सांगत नाही, एवढं मान्य.

घोडबंदर_बी_विंग (ठाणे)

विषय थोडा बाजूचा आहे पण इथे हिशेबी माणसं दिसतायत म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीत ६० फ्लॅट. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, १०,००० लिटरचा एक, २,२०० रुपये. गेल्या महिन्यात ४५ टँकर आले. कमिटीने ९९,००० भागिले ६० करून प्रत्येकाला १,६५० लावले. आमच्या घरात आम्ही दोघंच. वरच्या मजल्यावर पाच माणसं, त्यांनाही १,६५० च. मी म्हटलं माणशी लावा, तर खजिनदार म्हणतात "हिशेब बरोबर आहे, तुम्हीच तपासून बघा". तपासला, बरोबरच आहे. मग माझं चुकतंय का?

पेढीवरचा_मेहता (सानपाडा)

तुमचंही चुकत नाही, त्यांचंही नाही. त्यांचा दर आहे "रुपये, एका फ्लॅटला". तुम्हाला हवाय "रुपये, एका माणसाला". सोसायटीत समजा २२० माणसं असतील तर माणशी ४५०. तुमच्या घराला ९००, वरच्या घराला २,२५०. एकूण तेच ९९,०००. भागायचं कशाने ते सभेत ठरवायचं, खजिनदाराच्या कॅल्क्युलेटरवर ते ठरत नाही. माणसं मोजायला गेलात की पाहुणे, भाडेकरू आणि अमेरिकेतला मुलगा यावरून भांडणं होतील, ती तयारी ठेवा. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर असेल तर प्रश्नच मिटला, हजार लिटरला इतके रुपये असा सरळ दर.

पण त्याआधी एक बघा. १०,००० लिटरला २,२०० म्हणजे हजार लिटरला २२०. हा दर टँकरवर रंगवलेल्या आकड्यावरून काढलेला आहे. टाकीत पडलं किती?

तळमजल्याच्या टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. ५ मीटर बाय ४ मीटर असेल तर तळ २० चौरस मीटरचा. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर, १० भागिले २०, अर्धा मीटर. म्हणजे एक टँकर रिकामा झाला की पाणी ५० सेंटिमीटर चढलं पाहिजे. ४५ च चढलं तर आले ९,००० लिटर, आणि हजाराला पडले २४४ च्या वर.

वॉचमनला एक लांब काठी द्या, टँकर लागण्याआधी आणि सुटल्यावर ओली खूण बघायला सांगा. मधल्या वेळात वर पाणी चढवणारा पंप बंद ठेवा आणि नळाचं पाणी येण्याची वेळ टाळा, नाहीतर मोजमाप चुकेल. टाकीचं माप इथे लिहा, किती सेंटिमीटर चढायला हवं ते काढून देतो.